विश्रामबागेतील मानसोपचार केंद्र: बारा सत्रांचा अनुभव आणि त्याआधी केलेली एक महागडी चूक

सांगलीच्या विश्रामबाग भागात, मुख्य रस्त्यापासून थोडे आत, एका दंतवैद्यांच्या दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर एक लहानसे मानसोपचार केंद्र आहे. जूनच्या दुसऱ्या आठवड्यापासून ऑक्टोबरच्या अखेरीपर्यंत मी तेथे बोधात्मक-वर्तनात्मक उपचारपद्धतीची, म्हणजे विचार आणि वागणूक तपासून बदलण्याच्या, हल्ली सगळे जिला सीबीटी म्हणतात त्या पद्धतीची, बारा सत्रे घेतली. केंद्राचे नाव मी येथे देत नाही. तेथे एकच चिकित्सक बसतात, त्यांच्या संध्याकाळच्या वेळा आधीच भरलेल्या असतात आणि नाव लिहू नये अशी विनंती त्यांनीच केली. तसेही नावापेक्षा असे ठिकाण ओळखावे कसे हे सांगणे मला अधिक गरजेचे वाटते, कारण तेथे पोहोचण्यापूर्वी मी एका चुकीच्या ठिकाणी अठरा हजार रुपये आणि एक अख्खा उन्हाळा घालवून बसलो होतो.

माझी तक्रार बाहेरच्या माणसाला कदाचित विचित्र वाटेल. सांगलीच्या गावभागात, म्हणजे नदीकाठच्या जुन्या वस्तीत, राहणाऱ्याला वाटणार नाही. आमचे घर नदीपासून चालत दहा मिनिटांवर आहे. २००५ च्या महापुरात पाणी आमच्या उंबऱ्याशी येऊन थांबले. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळची पातळी ५७ फुटांच्या वर गेली, तेव्हा तळमजल्यावर छातीइतके पाणी होते आणि माझ्या वृद्ध आईला नावेतून बाहेर काढावे लागले. २०२१ च्या जुलैमध्ये पुन्हा घोटाभर पाणी घरात शिरले. त्यानंतर दर वर्षी मृगाचा पहिला पाऊस पडला की माझी झोप उडू लागली. रात्री दोन वाजता उठून कोयनेचा विसर्ग किती क्युसेक झाला हे मोबाइलवर पाहायचे, पुलाजवळ राहणाऱ्या मित्राला पहाटे फोन करून पट्टीवर पाणी किती फुटांवर आहे ते विचारायचे, घराची कागदपत्रे माळ्यावर चढवायची आणि दोन दिवसांनी उतरवायची, असा क्रम सुरू झाला. छातीत धडधड होई, हात गार पडत. मार्केट यार्डातील ज्या हळदीच्या अडत दुकानात मी एकोणतीस वर्षे हिशेबनीस आहे, तेथे मी केलेल्या हिशेबपट्ट्यांमध्ये चुका निघू लागल्या. शेठ काही बोलले नाहीत, पण त्यांनी माझ्या वह्या दुसऱ्याकडून तपासून घ्यायला सुरुवात केली, आणि ते मला बोलण्यापेक्षा जास्त लागले.

आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी हृदयाचा आलेख काढला, थायरॉइडची तपासणी करून घेतली, दोन्ही व्यवस्थित आले. ही तपासणी मी आवर्जून नोंदवतो, कारण थायरॉइड बिघडल्यानेही धडधड आणि बेचैनी होऊ शकते आणि ते पाहिल्याशिवाय थेट मनाच्या उपचारांकडे वळणे बरोबर नाही. डॉक्टर म्हणाले, “शरीरात काही नाही, मनाचं आहे. कोणाशी तरी बोला.” कोणाशी, हे त्यांनी सांगितले नाही आणि मी विचारलेही नाही.

मग मी जे केले ते बहुतेक जण करतात. ओळखीच्या एकाने एका ‘मनःशांती केंद्रा’त नेले. भिंतीवर पंधरा-वीस प्रमाणपत्रे चौकटीत लावलेली होती. त्यांतील बरीच तीन दिवसांच्या किंवा एका आठवड्याच्या शिबिरांची होती, हे मी फार उशिरा वाचले. दहा बैठकांचे अठरा हजार रुपये आगाऊ भरायचे होते आणि ‘शंभर टक्के गुण’ येण्याची हमी तोंडी होती. प्रत्येक बैठकीत डोळे मिटून “मी शांत आहे, मी सुरक्षित आहे” असे म्हणवून घेतले जाई. चौथ्या बैठकीला मी विचारले की, पाणी खरोखरच ५० फुटांवर गेले तर मी सुरक्षित कसा? त्यावर मला ‘नकारात्मक ऊर्जा’ फार असल्याचे सांगण्यात आले आणि एक पंधराशे रुपयांचे कडे सुचवण्यात आले. कडे मी घेतले नाही. उरलेल्या सहा बैठकांचे पैसे परत मिळाले नाहीत, कारण पावतीच नव्हती.

यात मला सर्वाधिक खंत कशाची वाटते ते सांगतो. माझे उभे आयुष्य सौद्यांच्या आवारात गेले. वजनकाट्यावर वैधमापन निरीक्षकाचा चालू वर्षाचा शिक्का आहे की नाही, हे पाहिल्याशिवाय आमच्याकडे हळदीचे एक पोते चढत नाही, आणि काटा मालकाचा सख्खा भाऊ घेऊन आला तरी आम्ही शिक्का पाहतो. त्यात कोणी अपमान मानत नाही. पण माझ्या मनाचे वजन करायला बसलेल्या माणसाला “आपले शिक्षण काय, नोंदणी कुठे आहे” एवढे विचारण्याची मला लाज वाटली. आपण आधीच दुबळे होऊन गेलेलो असतो, समोरचा मोठा वाटतो, आणि तोंड उघडत नाही.

पुढची चौकशी माझ्या मुलीने केली. ती पुण्यात नोकरीला आहे. तिने फोनवर मला जे समजावले आणि मी नंतर स्वतः पडताळून पाहिले, ते असे. मानसोपचारतज्ज्ञ, म्हणजे सायकिॲट्रिस्ट, हे आधी एमबीबीएस आणि नंतर मनोविकारशास्त्रातील एमडी, डीएनबी किंवा पदविका घेतलेले डॉक्टर असतात. औषध लिहिण्याचा अधिकार त्यांचा, आणि त्यांची नोंद महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडे असते. चिकित्सा मानसशास्त्रज्ञ, म्हणजे क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, औषध देत नाहीत. मानसशास्त्रातील पदव्युत्तर पदवीनंतर दोन वर्षांचा पूर्ण वेळ एम.फिल., ज्यात रुग्णालयात वरिष्ठांच्या देखरेखीखाली प्रत्यक्ष रुग्ण पाहावे लागतात, हा त्यांचा आजवरचा रूढ मार्ग. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम २०१७ मध्ये या पदाची व्याख्याच दिलेली आहे आणि ती १९९२ च्या कायद्याने स्थापन झालेल्या भारतीय पुनर्वास परिषदेच्या मान्यतेशी जोडलेली आहे. या परिषदेची एक केंद्रीय नोंदवही असते, ती संकेतस्थळावर कोणालाही पाहता येते, आणि नाव किंवा नोंदणी क्रमांक टाकला की त्या व्यक्तीची नोंद आहे की नाही हे समजते. नोंदणीला मुदत असते व ती वाढवून घ्यावी लागते, म्हणजे येथेही शिक्का चालू वर्षाचा आहे का हे पाहायचेच.

समुपदेशकांची गोष्ट मात्र इतकी सरळ नाही, आणि त्यांच्यावर अन्याय होऊ नये म्हणून लिहितो. मानसशास्त्रात एम.ए. करून शाळा-महाविद्यालयांत किंवा कुटुंब सल्ला केंद्रांत मनापासून काम करणारी अनेक माणसे आहेत. त्यांचे नाव पुनर्वास परिषदेच्या नोंदवहीत नसेल, म्हणून ती खोटी ठरत नाहीत. २०२१ च्या एका केंद्रीय कायद्याने अशा इतर मानसशास्त्रज्ञांना आणि समुपदेशकांनाही नोंदणीच्या कक्षेत आणले आहे. खोट तेथे आहे, जेथे आठवड्याच्या शिबिरातून आलेला माणूस आजारावर उपचार करतो असे सांगतो. दहावीच्या मुलाच्या अभ्यासाचा ताण आणि वर्षानुवर्षे झोप उडवणारी चिंता यांत फरक आहे, आणि तो फरक ओळखून “हे माझ्या आवाक्यातले नाही, तुम्ही अमुक ठिकाणी जा” असे सांगणारा समुपदेशक मी तरी चांगलाच समजेन.

विश्रामबागेतील केंद्राला फोन करताना मी प्रश्न कागदावर लिहून घेतले होते. शिक्षण कोठे झाले, नोंदणी क्रमांक काय, सीबीटीचे वेगळे प्रशिक्षण घेतले आहे का, साधारण किती सत्रे लागतील, आणि गुण येतो आहे हे कशावरून ठरवायचे. तेथील चिकित्सक मॅडमनी पाचही उत्तरे शांतपणे दिली, क्रमांक स्वतः मेसेज करून पाठवला आणि म्हणाल्या, “तपासून घ्या आणि मगच वेळ ठरवा.” हमीविषयी विचारले तेव्हा त्या म्हणाल्या की, हमी कोणी देत असेल तर तेथून उठून यावे, बहुतेक लोकांना बारा ते सोळा सत्रांत बराच फरक जाणवतो, पण सहा सत्रांनंतर आपण दोघे मिळून आढावा घेऊ आणि काहीच हलले नसेल तर पद्धत किंवा चिकित्सक बदलण्याचा विचार करू. माझा निर्णय या एका वाक्यावर झाला.

पहिल्या सत्रात त्यांनी गोपनीयतेचे नियम आधी सांगितले: येथे बोललेले बाहेर जाणार नाही, जिवाला धोका दिसला तरच घरच्यांना कळवावे लागेल. त्यानंतर सात प्रश्नांची एक प्रश्नावली भरून घेतली. तिला जीएडी-७ म्हणतात. गेल्या दोन आठवड्यांतील चिंतेबद्दल प्रत्येक प्रश्नाला शून्य ते तीन गुण द्यायचे, म्हणजे एकूण २१. माझे १६ आले. पंधरा किंवा त्याहून जास्त गुण आले की चिंता तीव्र समजतात. झोपही फार कमी असल्याने दुसऱ्या सत्रानंतर त्यांनी मला मिरजेतील एका मानसोपचारतज्ज्ञ डॉक्टरांकडे पाठवले आणि सोबत पत्र दिले. डॉक्टरांनी एक औषध लहान मात्रेत सुरू केले व ते मनाने बंद करू नका असे बजावले. हे औषध अजून चालू आहे. त्यामुळे मला आलेला सगळा गुण सत्रांचा आहे असे मी प्रामाणिकपणे म्हणू शकत नाही. पण रात्री झोप लागू लागली नसती तर दिवसा गृहपाठ झाला नसता, हेही तितकेच खरे आहे.

या पद्धतीची पूर्वपीठिका मॅडमनी मला थोडक्यात सांगितली आणि नंतर मी कुतूहलाने अधिक वाचले. फिलाडेल्फियाचे आरोन बेक हे मूळचे मनोविश्लेषणाच्या परंपरेत शिकलेले मानसोपचारतज्ज्ञ. नैराश्याच्या रुग्णांचा अभ्यास करताना १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांच्या लक्षात आले की, रुग्ण बोलत असतो त्याला समांतर त्याच्या मनात दुसरेच विचार झरझर येऊन जात असतात, आणि भावना त्या विचारांमागून येतात. हे विचार आपोआप येतात, क्षणभरच टिकतात आणि खरे-खोटे न करता मानले जातात. ते पकडायचे, कागदावर उतरवायचे आणि पुराव्याशी ताडून पाहायचे, हा बेक यांच्या उपचारांचा गाभा. न्यूयॉर्कचे अल्बर्ट एलिस यांनी १९५० च्या दशकाच्या मध्यावर जवळच्याच दिशेने वेगळी वाट काढली होती, आणि महाराष्ट्रात त्यांची विवेकनिष्ठ पद्धत कि. मो. फडके यांच्यामुळे बरीच परिचित आहे. एलिस रुग्णाच्या अविवेकी आग्रहांवर थेट वाद घालत. बेक त्यामानाने सबुरीने प्रश्न विचारत नेत. माझ्या मॅडम बेक यांच्या वळणाच्या. बेक स्वतः २०२१ साली वयाच्या शंभराव्या वर्षी गेले.

प्रत्यक्ष सत्र पन्नास मिनिटांचे असे आणि त्याला ठरलेला आराखडा असे. सुरुवातीला आज काय घ्यायचे ते दोघांनी मिळून ठरवायचे, मग मागचा गृहपाठ पाहायचा, मग मुख्य काम, शेवटी नवा गृहपाठ आणि “आज काही खटकलं का?” हा प्रश्न. हा शेवटचा प्रश्न त्या दर वेळी विचारत. मला पहिले दोन महिने त्याचे उत्तर देता आले नाही, कारण आपल्याकडे डॉक्टरांना असे काही सांगायची रीतच नाही.

पहिला गृहपाठ तक्त्याचा होता. प्रसंग, मनात आलेला विचार, भावना आणि तिची तीव्रता शंभरपैकी किती, विचाराच्या बाजूचा पुरावा, विरुद्ध बाजूचा पुरावा, आणि हे सगळे पाहून काय म्हणता येईल. मी तक्ता पाहिला आणि म्हटले, हे तर जमा-नावे झाले. त्या हसल्या आणि पुढच्या वेळी छापील कागदाऐवजी माझ्याच लाल कापडी बांधणीच्या वहीत रकाने आखून आणायला सांगितले. ही लहानशी गोष्ट असेल, पण त्यांच्याकडचे छापील तक्ते इंग्रजीतून शब्दशः आणलेल्या मराठीत होते आणि ते भरताना मला परीक्षेला बसल्यासारखे वाटे. माझ्या वहीत मी रोज बिनदिक्कत लिहू लागलो.

दुसरा प्रयोग अंदाजांचा होता, आणि बारा सत्रांतील सर्वांत परिणामकारक भाग मी त्यालाच म्हणेन. रोज संध्याकाळी सहा वाजता, उद्या सकाळी आठ वाजता पुलाजवळ पाणी किती फुटांवर असेल याचा माझा अंदाज लिहायचा आणि दुसऱ्या दिवशी अधिकृत आकडा त्याच्यासमोर मांडायचा. पहिल्या आठवड्यात सातही दिवस माझा अंदाज प्रत्यक्षापेक्षा किमान दहा फुटांनी जास्त निघाला. एकोणतीस वर्षांत माझ्या खतावणीत एवढी तफावत कधी आलेली नाही. मॅडम त्यावर “बघा, तुम्ही उगाच घाबरता” असे म्हणाल्या नाहीत, त्यांनी एवढेच विचारले, “हा अंदाज बांधताना तुम्ही कोणकोणते आकडे धरले होते?” तेव्हा लक्षात आले की आकडे मी धरलेच नव्हते, छातीतली धडधड जितकी जास्त, तितके फूट मी वाढवून लिहीत होतो.

याच्या जोडीला पाहण्याची बंदी आली. बंदी पूर्ण नव्हती: सकाळी आठ आणि संध्याकाळी सहा, दोनदाच आकडा पाहायचा, रात्री मोबाइल स्वयंपाकघरात ठेवायचा आणि पहाटेचा फोन बंद. त्यांनी याचे कारण नीट समजावले. दर वेळी आकडा पाहिला की धडधड क्षणभर उतरते, म्हणून मन पुन्हा पाहायला लावते. उतार पाहण्यामुळेच आला असे मनाला वाटत राहते, आणि न पाहताही तो आला असता हे त्याला कधी शिकायलाच मिळत नाही. पहिल्या तीन रात्री फार वाईट गेल्या. तिसऱ्या रात्री मी शासनाच्या टेलिमानस सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर फोन केला. पलीकडे मराठीत बोलणाऱ्या बाईंनी वीस मिनिटे धीराने ऐकून घेतले. ही सेवा विनामूल्य असते व दिवसरात्र चालते. सत्रांचा पर्याय ती नाही, पण रात्री दोन वाजता तिचे मोल वेगळेच आहे. चौथ्या-पाचव्या रात्रीपासून धडधड आपोआप उतरू लागली. किती मिनिटांत, तेही वहीत आहे.

मला जी शंका मनःशांती केंद्रात विचारल्याबद्दल दोष लागला होता, तीच मी येथेही विचारली. कृष्णेला पूर येतो हा काही माझ्या मनाचा खेळ नाही. मग माझे विचार चुकीचे कसे? मॅडमचे उत्तर मला जन्मभर पुरेल असे वाटते. त्या म्हणाल्या, “चुकीचे आहेत असं मी म्हटलंच नाही. प्रमाणात आहेत का, एवढंच आपण पाहतोय. आणि काळजी करणं आणि तयारी करणं ही दोन वेगळी कामं आहेत.” त्या सत्राची शेवटची वीस मिनिटे आम्ही पुराच्या नियोजनात घालवली. मानसोपचारांच्या खोलीत असे काही होईल याची मला कल्पना नव्हती. पाणी ३५ फुटांवर गेले की कागदपत्रे आणि आईची औषधे एका पेटीत. ४० फूट, म्हणजे इशारा पातळी, झाली की त्याच दिवशी आईला विश्रामबागेत बहिणीकडे पोहोचवायचे. ४५ फूट ही धोक्याची पातळी गाठण्याआधी वीज बंद करून आम्हीही निघायचे. ३५ च्या खाली करण्यासारखे काहीही नाही, म्हणून तेथे विचार करण्यासारखेही काही नाही. हा कागद आमच्या देवघराशेजारी चिकटवलेला आहे. सौभाग्यवती म्हणाल्या, “अहो, हे २०१९ च्या आधी का नाही केलंत?”

त्यांनी ते सहज विचारले होते, पण त्या प्रश्नाने मी दोन दिवस जेवलो नाही आणि सातव्या सत्रात तेच घेऊन गेलो. तेथे खरे मूळ निघाले. “असं झालं तर त्याचा तुमच्या दृष्टीने अर्थ काय?” हा एकच प्रश्न मॅडम पायरी-पायरीने विचारत गेल्या. पाणी वाढले तर आई अडकेल. आई अडकली तर ती माझ्यामुळे. २०१९ मध्ये ती माझ्यामुळेच अडकली, मी निघायला एक दिवस उशीर केला. म्हणजे मी नालायक मुलगा आहे. हे शेवटचे वाक्य मी आयुष्यात प्रथमच मोठ्याने उच्चारले. पाणी, क्युसेक, पट्टी हे सगळे त्या वाक्यावरचे झाकण होते.

मग त्यांनी एक वर्तुळ काढायला सांगितले. त्या ऑगस्टमध्ये आई अडकण्यास जी जी कारणे होती त्यांना त्यात वाटा द्यायचा, आणि अट अशी की माझा वाटा सगळ्यांत शेवटी मांडायचा. घाटमाथ्यावर आठवडाभर कोसळलेला पाऊस, धरणांतून सोडलेले पाणी, २००५ मध्ये पाणी उंबऱ्यावर थांबले होते म्हणून गल्लीतील प्रत्येकाने धरलेला अंदाज, आईचा स्वतःचा “मी घर सोडणार नाही” हा हट्ट, रात्रीत पाणी चढण्याचा वेग. हे सर्व लिहून झाल्यावर वर्तुळात जेवढी जागा उरली, ती मी अंदाजे एक-दशांश म्हणून रंगवली. तो दहावा हिस्सा मॅडमनी पुसला नाही. “तो आपण ठेवू,” एवढेच म्हणाल्या. त्यांनी तोही पुसायचा प्रयत्न केला असता तर माझा विश्वास उडाला असता. हिशेबनीसाला शून्य बाकी कधीच पटत नाही.

आता उणिवा. जागा अडचणीची आहे. जिना उभा आहे आणि आईच्या वयाच्या माणसाला तो चढणे अशक्य आहे. प्रतीक्षेची खोली खालच्या दंतवैद्यांशी सामाईक असल्याने ओळखीचे लोक भेटतात. मला दोनदा “दात दुखतोय” असे सांगावे लागले, ज्याचे नंतर आम्हा दोघांना हसू आले, पण एखाद्या तरुण मुलीला हीच गोष्ट परतवून लावू शकते. भिंत पातळ आहे. संध्याकाळी सहानंतरची वेळ मिळण्यासाठी मला पाच आठवडे थांबावे लागले, आणि सौद्यांच्या दिवसांत दुपारी सुट्टी काढणे अवघड असल्याने माझी दोन सत्रे बुडाली. चोवीस तास आधी न कळवल्यामुळे त्यांतील एकाचे अर्धे शुल्क भरावे लागले. नियम आधी सांगितलेला होता, त्यामुळे तक्रार नाही, फक्त खिशाला लागले.

शुल्क एका सत्राचे नऊशे रुपये होते, दर वेळी पावतीसह. सुरुवातीची आठ सत्रे दर आठवड्याला आणि नंतरची चार पंधरा दिवसांनी झाली. बारा सत्रांचे दहा हजार आठशे, म्हणजे मी त्या कड्याच्या दुकानात जे आगाऊ भरले त्यापेक्षा बरेच कमी. मानसिक आजारांसाठी इतर आजारांप्रमाणेच विम्याची सोय असावी असे २०१७ च्या अधिनियमाचे कलम २१ सांगते. पण माझी पॉलिसी फक्त रुग्णालयात दाखल झाल्यावर लागू होते, त्यामुळे अशा बाहेरून घेतलेल्या सत्रांचा एक पैसाही परत मिळाला नाही. ज्यांना एवढा खर्च झेपणार नाही त्यांनी आधी सरकारी रुग्णालय गाठावे. मिरजेच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात मनोविकारांचा स्वतंत्र विभाग आहे आणि तेथे तज्ज्ञ डॉक्टर अत्यल्प शुल्कात तपासतात. गर्दी असते, आणि दर आठवड्याला पन्नास मिनिटे मिळतीलच अशी अपेक्षा ठेवू नये, पण निदान योग्य माणसाकडून होते.

ही पद्धत कोणाला मानवणार नाही, याविषयीही थोडेसे. गृहपाठ न करणाऱ्याला येथे फारसे काही हाती लागेल असे वाटत नाही. मला लिहायची सवय आहे, रकाने आवडतात, म्हणून ते जमले. माझ्या मेहुण्यांना मी आग्रहाने पाठवले, ते दोन सत्रांनंतर “आम्हाला नुसतं मोकळं बोलायचं होतं” म्हणून थांबले, आणि त्यांचेही काही चुकले असे मी मानत नाही. मॅडमनी त्यांना दुसऱ्या पद्धतीने काम करणाऱ्या एका सहकाऱ्यांचे नाव दिले, नोंदणी क्रमांकासह.

शेवटच्या सत्रात जीएडी-७ चे गुण ६ आले. अंदाजांच्या वहीतील तफावत सप्टेंबरमध्ये दोन-तीन फुटांवर आली होती. शेठनी वह्या दुसऱ्याकडून तपासून घेणे कधी थांबवले ते मला कळलेही नाही. दिवाळीच्या वहीपूजनाला नवी चोपडी त्यांनी माझ्याच हातात दिली. मॅडमनी पुढची खूण म्हणून एक कागद लिहून घेतला: पहाटेचा फोन पुन्हा सुरू झाला, किंवा कागदपत्रे ३५ फुटांच्या आत माळ्यावर चढली, की वाट न पाहता कळवायचे. शिवाय उजळणीचे एक सत्र जुलैच्या पहिल्या आठवड्यात ठरले आहे, संध्याकाळी सहा वाजता. त्यांनी ते डायरीत माझ्यासमोरच लिहिले, आणि पुढे कंसात एक ओळ जोडली: पाणी चाळीसच्या वर असल्यास फोनवर.